अडवलेला डबा

८ सप्टेंबर, सोमवार

टॅब आला! तनुजानं मापाच्या टेबलाशेजारी भिंतीला लावला, वायर नीट खिळ्याला बांधली. सोमनाथ मशीन बंद करून बघायला आला — "अप्पा, आता किरकेटची म्याच बगायची सोय झाली की!" सगळे हसले. मी नाही हसलो. मालकानं कधी हसायचं हे ठरलेलं असतं.

आमचा माल घेणाऱ्या रिक्षा कंपनीचं म्हणणं सरळ आहे. दिवाळीनंतर मापांचे कागदी तक्ते बंद. रिक्षाच्या ब्रेक पेडलच्या पिना पाठवायच्या तर प्रत्येक डब्यातल्या पिनांचं माप टॅबवर घ्यायचं, आणि ते तिकडं वाळूजला त्यांच्या स्क्रीनवर त्याच वेळी दिसलं पाहिजे. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे अडवा. आम्ही दोघंजण त्यांना या पिना देतो — मी आणि चिकलठाण्याचा एक. पुढच्या वर्षापासून एकालाच ठेवणार आहेत. मी गेलो तर शेंद्र्याच्या या शेडला कुलूप. दुसरं मोठं काम आहेच कुठं माझ्याकडं!

तनुजा म्हणते, "अप्पा, होईल. महिनाभर द्या मला." पुण्याची नोकरी सोडून सासऱ्याच्या शेडमध्ये तेलकट हात करून घेणारी सून किती जणांना मिळते? देवानं मला फार दिलंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

इतकी वर्षं शनिवारची संध्याकाळ ठरलेली होती. सरूबाई आणि मी समोरासमोर बसून आठवड्याचे तक्ते भरायचो. सरूबाई शेंद्र्याच्याच, माझ्या पहिल्या लेथ मशीनपासून माल तपासतात. दोन पेनं लागायची — एक निळं, एक काळं. रोजच्या रोज भरल्यासारखं दिसायला हवं ना! मापं घेतलेली नसायची असं नाही. घेतलेली असायची, पण लिहायला वेळ कुणाला? मग सगळे आकडे कसे छान, एकसारखे यायचे.

आज भरायला काहीच नव्हतं! चहा झाला, सरूबाई म्हणाल्या, "मग जाऊ का म्या?" गेल्या. मी पण गारखेड्याला घरी आलो तर बायको, सुरेखा, दारातच — "बरं वाटतंय ना? आज इतक्या लवकर?"

उजेडात घरी आलो. गच्चीवर बसून दोघांनी भेळ खाल्ली. तनुजाचे आभार मानायला हवेत. पण तोंडावर नको, लगेच दुसरा टॅब मागेल.

२२ सप्टेंबर, सोमवार

सरूबाईंनी सोमनाथचा डबा अडवला. तो तावातावानं आला तर शांतपणे म्हणाल्या, "म्या नाय अडवला. ह्या टॅबनं अडवला. त्याच्याशी भांड!" बिचारा टॅबकडं बघत उभा.

पूर्वी त्या माझ्याकडं यायच्या आणि हळूच विचारायच्या, "हे जाऊ द्यायचं का?" मी म्हणायचो, जाऊ द्या. आता विचारत नाहीत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शेड धुतली. पाट्या पुसल्या, झेंडूची तोरणं लावली. पूजा दरवर्षीप्रमाणे मीच केली. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, अक्षता, फूल. जुन्या लेथपाशी आलो की माझा हात आपोआप थांबतो. याच्यावर माझं घर झालं, मुलाचं, अभयचं शिक्षण झालं, तनुजाशी लग्न झालं. मी मनातल्या मनात त्याला म्हणालो, बाबा, तुझे उपकार.

मापाचं टेबलही सोडलं नाही. टॅबला हार घातला. पिनेची जाडी मोजायचा नवा डिजिटल मायक्रोमीटर — तोही हत्यारच! उघडला, जबड्याला आत-बाहेर व्यवस्थित कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. पेढे वाटले. सरूबाईंना आणि तनुजाला साड्या. छान झालं सगळं. उद्या सुट्टी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस! लिहितानाही हसू येतंय, पण सकाळी घाम फुटला होता.

पहिली पिन लाल. दुसरी लाल. सगळ्याच लाल! तासाभरात कंपनीतून ऋतुराज सरांचा फोन. ते तिथले क्वालिटीचे साहेब, वयानं अभयएवढे. "काका, तुमची स्क्रीन नुसती लालेलाल! काय चाललंय तिकडं?"

मी थेट सोमनाथवर गेलो. "दसऱ्याची उतरली नाही का अजून?" सगळ्यांदेखत म्हणालो. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. मान खाली घालून उभा राहिला.

तनुजा मात्र कपाटातून मास्टर पिन घेऊन आली. मास्टर म्हणजे जिचं माप पक्कं माहीत आहे अशी पिन. मोजली. तीही लाल! मग सरूबाईंनी मायक्रोमीटर उघडला, पांढरं फडकं जबड्यातून फिरवलं. फडकं लालभडक.

"अप्पा! कुंकू कपाळाला लावत्यात व्हय, दाढंत कोंबत्यात!"

शेड हसून लोळली. पिना सगळ्या चांगल्या होत्या, फक्त प्रत्येकीच्या मापात माझी भक्ती मिसळली होती. सोमनाथची सगळ्यांदेखत माफी मागितली. "जाऊ द्या अप्पा, सणाचं हाय," म्हणाला. किती सहज म्हणाला! ऋतुराज सरांना खरं काय ते सांगितलं, तेही फोनवर हसून बेजार.

आता रोज सकाळी आधी फडकं, मग मास्टर. मास्टर हिरवा आल्याशिवाय टॅब पुढं जात नाही, तशी सोय तनुजानं करून टाकली.

पण एक मात्र कळलं मला. लालही खोटं असू शकतं!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीचा शेवटचा माल. टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. आणि टॅब म्हणतो, थांबा! पिना भट्टीत तापवून कडक करायचं काम बाहेरून होऊन येतं. आता प्रत्येक डब्यातल्या पिना कडकपणा मोजूनच सोडायच्या असा नियम झालाय. सरूबाई लवकर गेल्या होत्या, नातवाला कपडे घ्यायला. तनुजा बँकेत. मी मोजत बसलो तर टेम्पो निघून जाणार.

भट्टीवाला जुना माणूस. त्याच्या पिना कधी मऊ निघाल्या नाहीत. अडीअडचणीला म्हणून तनुजानं मला मालकाचा पासवर्ड दिलाय. टाकला. सगळे डबे सुटले! टेम्पो गेला. शेडचा मालक मी की तो टॅब?

बोनस वाटला, मिठाईचे बॉक्स वाटले. सगळ्यांचे चेहरे बघून बरं वाटलं. चांगलं वर्ष गेलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शेडवर पूजा. टॅबला आणि मायक्रोमीटरला लांबूनच नमस्कार. सुरेखानं कुंकवाचा करंडा माझ्या हाती लागूच दिला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सरूबाईंनी डबा अडवला. पिना मऊ आहेत म्हणे.

मी वैतागलो होतो, आज माल जायलाच हवा होता. म्हटलं, "पुन्हा कुंकूबिंकू असेल. पुसा आणि सोडा!"

"पुसलं. मास्टर ठिवला. मास्टर हिरवा हाय. पिनाच मऊ हायेत."

मी पासवर्ड टाकायला पुढं झालो. सरूबाई टॅबच्या आड येऊन उभ्या राहिल्या. "अप्पा, ह्या बारीला टॅबचं नाव नाय सांगत. म्या अडवलंय. ब्रेकची पिन हाय ही, दाराची कडी नाय."

माझा आवाज चढला. शेडमधली मशीनं एकेक करून थांबली. त्या हलल्या नाहीत. शेवटी मीच बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो. राग उतरल्यावर आत येऊन स्वतः पिन घेऊन कडकपणा मोजायच्या मशीनखाली धरली. मऊ. दुसरी धरली. मऊ.

सरूबाईंना म्हटलं, चुकलो. त्यांनी नुसता पदर डोळ्याला लावला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

भट्टीवाला कबूल झाला. दिवाळीआधी एका दिवशी त्याच्याकडं लाइट गेली होती, एक घाणा कच्चा राहिला. प्रत्येक डब्यावर घाण्याचा नंबर असतो. तनुजानं तो टॅबवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. त्याच घाण्याचे आणखी डबे — १७ तारखेला गेलेले. पुढं सोडणाऱ्याचं नाव. अप्पाराव.

पुन्हा वाचलं. माझंच नाव.

तनुजा एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही म्हणाल तसं." मी सांगितलं होतं ना, असं नाही म्हणाली. पासवर्ड कशाला वापरला, असंही नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं!

कंपनीतून अजून काही ओरड नाही. त्या पिना रिक्षात बसल्याही असतील. फोन केला तर ऑर्डर गेली समजायचं. पुढच्या वर्षी ते एकालाच ठेवणार आणि चुकणारा मी. सोमनाथ, सरूबाई, बाकी सगळे — कुणाच्या दारात जातील? आणि नाही केला, तर कुठंतरी कुणीतरी जोरात ब्रेक दाबेल. शहागंजच्या गर्दीत दाबेल, पोरं शाळेत सोडताना दाबेल.

जेवताना सुरेखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी चहाच्या आधी करा. चहानंतर तुम्हाला कारणं सुचतात." छत्तीस वर्षांचा संसार. ही बाई मला पुरती ओळखते, हे माझं नशीब.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन केला. शेडमधूनच, सगळ्यांसमोर. ऋतुराज सरांना म्हटलं, सतरा तारखेचे डबे वापरू नका, पिना मऊ आहेत, न मोजता मी सोडले. ते म्हणाले, "काका, ते डबे आम्ही उघडलेच नाहीत. न मोजता सुटलेत हे आम्हाला त्याच दिवशी दिसलं होतं. बाजूला ठेवलेत. चिकलठाण्याचेही असेच न मोजता सुटलेले आहेत. दिवाळीपासून बघतोय, दोघांपैकी कुणाचा फोन येतो. एकच नाव पाठवायचं होतं मला वरती, आज तुमचं पाठवतो."

म्हटलं, "सर, हे डबा अडवणाऱ्या बाईंना सांगा." फोन सरूबाईंच्या हातात दिला.