बादलीतला दिवा

४ मे
चुका व्हतील, माफी असू दे. आईच्या मोबाईलवर एका बोटानं लिहायलेय, लई हळू. तोंडानं सांगायचं म्हणलं की घसाच बसतो माझा.
बोअर आटला. अंगणातला जुना आड साफ करायचा म्हणले आप्पा. लई वर्षं पत्रा टाकून बंद हाय त्यो. दादा उतरणार.

५ मे
सातवीत विज्ञानाची गाडी आल्ती शाळेत. गाडीवरच्या ताईनं ग्लासात खायचा सोडा न् लिंबू फसफसवलं, वरची नुसती हवा मेणबत्तीवर वतली. मेणबत्ती गेली! "अशी हवा बंद विहिरीत साचते. दिसत नाही, वास येत नाही. उतरलेला माणूस गुदमरतो." पोरं टाळ्या वाजवायली. ताईनं ग्लास माझ्या हातात दिला, वर कायच दिसंना.
नववीत शाळा सुटली. बाकी सगळं इसरले. हे न्हाय. अजून आडाजवळनं जाताना श्वास धरते.

६ मे
घरी कुणी न्हवतं. पत्रा सरकवला, बादलीत दिवा ठिवून सोडला. निम्म्यात गेला. परत लावला. परत तिथंच...
वारं न्हवतं.

७ मे
जेवताना सांगितलं. आधी आवाजच निघंना.
दादा: "काय पुटपुटायलीस? मंतर टाकायलीस व्हय माझ्यावर?"
सगळं सांगितल्यावर लई हसला. "आल्या बघा शास्त्रज्ञ बाई. भाकरी करपती, न् निघाली हवा तपासायला."
आप्पा: "आमी ल्हानपणी रोज उतरायचो. काय झालं आमाला?"
"तवा आड उघडा व्हता, आप्पा. रोज पाणी शेंदायचे तुम्ही."
आई म्हणली, उद्या दिवा सोडून बघू की सगळे.
"दिवे लावायला दिवाळी हाय का?" ताट सारून आप्पा उठले. सकाळी उतरायचंच म्हणले.
दादाच्या ताटात भाकर तशीच. हसत व्हता, पण जेवला न्हाय.

८ मे
दोर कडब्याच्या गंजीत खुपसला म्या. आप्पा शोधायलेत, माझ्याकडं बघायलेत. दादा शेजारी दुसरा दोर मागायला गेलाय.
आडाच्या काठावर बसलेय. बोलता यीना, पण उठणार न्हाय.
आई पेटलेला दिवा घिऊन आली, बादली वढून माझ्याजवळ बसली.
दादा यायलाय. खांद्यावर दोर

९ मे
काल सगळ्यांसमोर दिवा निम्म्यात गेला, दादा उतरला न्हाय. रात्री आमची म्हैस व्याली. रेडी झाली.