राजाच्या छातीवरचं पदक

अण्णा, आज दुपारपासून रंग काढून बसले आहे, पण काम न करता या पत्रातून तुमच्याशीच बोलते आहे.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. डोंगराकडच्या एका लहानशा संस्थानाचे वारस आजोबांचं तैलचित्र काढून घ्यायला आपल्या पंचवटीतल्या घरी आले होते. फोटो एकच, त्यात किरकोळ अंगाचे एक गृहस्थ वेताच्या खुर्चीत अवघडून बसलेले. तुम्ही त्यांना उभं केलंत. मागे खांब, मखमली पडदा, आणि क्षितिज पार गुडघ्यांपाशी, म्हणजे बघणाऱ्याची मान आपोआप वर होते. चुण्या कशा पडतात ते बघायला आईचा शालू पांघरून मला स्टुलावर चढवलंत. तलवार म्हणून हातात लाटणं. मी ते घट्ट धरलेलं. "हात सैल सोड गं. राजाचा हात नुसता टेकलेला असतो." आतून आई ओरडते, "महाराजांना म्हणावं लाटणं द्या, पोळ्या खोळंबल्यात!" तुम्ही खो खो हसताय.

मला हसू येईना. फोटोत खांब नव्हता, पडदा नव्हता. खोटं बोलायचं नाही, हे शाळेच्या आधी तुम्हीच मला शिकवलेलं. शेवटी विचारलंच, "अण्णा, हे खोटं नाही का?" तुम्ही चिडलात. "राजा असाच काढतात, ही रीत आहे. बघणाऱ्यालाही ती ठाऊक असते. जा, अभ्यास कर." आपले अण्णा खोटं काढतात, ही शंका मग मी कुणाला न सांगता बाळगत राहिले.

चित्र न्यायला आले तेव्हा वारस म्हणाले, "झकास! फक्त छातीवर एक पदक टाका. इंग्रज सरकारचं."

"मिळालं होतं त्यांना?"

"मिळायलाच हवं होतं हो! आता कोण विचारतंय?"

तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "साहेब, खांबाचा पुरावा कुणी मागत नाही. पदक काढलं की ते मिळालं असं होतं. ते मी नाही काढणार." ते चित्र न घेताच गेले. पुढे कितीतरी दिवस महाराज आपल्या जिन्यात उभे होते. आई अंग चोरून जायची, पण तुम्हाला एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र इतकं सुटल्यासारखं वाटलं होतं! तुमच्याजवळ बसून चित्रकला शिकायची, हे मी तेव्हाच ठरवलं. तेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आज सकाळी एका संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना राजासारखं बसायचं होतं. मी सिंहासनासारखी खुर्ची दिली, पडदा दिला. मग म्हणाले, "अंगात डॉक्टरेटचा झगा दाखवा." पदवी नाही, ते त्यांनीच सांगितलं. मी नाही म्हणाले.

"तुमचे वडील असते तर काढला असता, ताई."

"नसता काढला," मी म्हणाले.

ते उठून गेले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. जिन्यात त्यांची पावलं जराशी थांबली, तेव्हा ‘थांबा, काढते झगा’ अशी हाक मारायला मी तोंड उघडलं होतं.