मेंदूच्या फोटोसाठी शीर्षासन

ती. माणिकताईस,

विष्णूचा लखनौहून वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मानेपुरताच वाकलो असं समज, कारण पुढे येईल.) भावोजींचा खोकला कसा आहे? तुझ्या हर्षवर्धनच्या खोड्यांची चौकशी करत नाही, त्या उत्तमच असणार.

आमच्या आर्याचं म्हणशील, तर सांध्यांची सूज यंदाही हटायला तयार नाही, त्यात आता डोकं दुखतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज एवढी जुनी आहे, तर मेंदूला रक्त नीट पोचतंय ना, ते एमआरआयमध्ये बघू. सुईबिई काही नाही, त्या नळकांड्यात न हलता पडून राहायचं. त्यांचं संशोधन चालू आहे, म्हणून तुलनेला तिच्या वयाची धडधाकट मुलंही हवी होती. आणि माझी अक्कल बघ, मी हे इथल्या महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या मराठी मंडळात, कोजागिरीला, माइकवरून सांगितलं!

अगं, तुलना म्हटलं की आपल्या लोकांना परीक्षाच दिसते. संपदावहिनींनी सिलॅबस विचारला. रेल्वेतले लक्ष्मीकांत त्यांच्या अनीशला सकाळ-संध्याकाळ बदाम चारू लागले, आणि वर शोध लावला की आत जाण्याआधी शीर्षासन केलं की रक्त आपोआप डोक्यात! झालं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मंडळाची समस्त पोरं भिंतीला पाय लावून उलटी. पहारेकरी हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, इन्हें सीधा कर लीजिए, मरीज़ घबरा रहे हैं।" आता आर्याला काही उलटं होता येत नाही, मग आपली पोर मागे का राहावी? तिच्या वतीने (भावोजींना सांगू नकोस) मी उलटा झालो. कंबर गेली ती तेव्हा.

आत मात्र एकेकाची फजिती. अनीशने "अंकल, हो गया?" विचारून विचारून फोटो हलवले. दुसऱ्या एकाला बदाम बाधले. आर्या तेवढी जराही हलली नाही, फोटो लख्ख! मी "पहिला नंबर!" म्हणून तिथेच पेढे वाटले, तर लक्ष्मीकांत रीचेकिंग मागायला निघाले. घरी येताना मी तिला विचारलं, कसं गं जमलं तुला? तर म्हणते, "बाबा, सुबह घुटने अकड़े रहते हैं न, हिलो तो दर्द होता है। मेरी तो रोज़ की प्रैक्टिस है।" ताई, हातातला पेढा हातातच राहिला. भर बाजारात रडलो गं मी.

रक्ताचं ठीक आहे म्हणाल्या डॉक्टरबाई. डोकं का दुखतं, ते आता दुसरीकडे शोधताहेत.

तुझा,
विष्णू

ता. क. तुलनेला एक धडधाकट पोर अजून कमी पडतंय. दिवाळीच्या सुटीत हर्षवर्धनला पाठव. बदाम नकोत.

आणखी ता. क. थाप मारली. डॉक्टरबाईंना पोरं पुरली. इथली मुलं आर्याला खेळायला घेतात, पण खुर्चीवर बसवून, अंपायर म्हणून. गेल्या खेपेला हर्षवर्धनने तिच्या हाती बॅट दिली, पहिल्याच चेंडूला आउट केलं, वर चिडवलं, आणि दोघं कडाकडा भांडली. तेव्हा पाठवच त्याला. रोज विचारते, "वो चीटर कब आएगा?"