चाळणीतले छर्रे

आई, रविवारी माझी स्पर्धा आहे. एअर रायफलची, चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात. लग्नानंतर पहिल्यांदाच. जालन्यातल्या घरी दुपारच्या उन्हात स्वयंपाकघराच्या ओट्यावर काच ठेवून मी शिशाचे छर्रे निवडत बसले आहे. काच किंचित तिरकी करून छर्रा हलकेच सोडायचा. मागचा घेर रुंद असतो, म्हणून तो सरळ जात नाही, वळण घेतो. एकसारखं वळण घेणारे एका डबीत ठेवायचे, भलतीकडे जाणारे बाजूला. आता चष्मा लावावा लागतो, आणि तरी प्रत्येक छर्रा खिडकीकडे धरून बघते.

मंठ्याच्या घरात मी अशीच बसायचे तेव्हा तू चुलीपुढून टोमणे मारायचीस. ‘‘ज्वारी निवड म्हणलं की डोळे दुखतेत तुझे. अन् हे शिसं बरं निवडून राह्यलीस!’’ मी म्हणायचे, ‘‘ज्वारीत खडा राह्यला तर दाताखाली येतो. ह्यात राह्यला तर नेम जातो.’’ ‘‘मंग आधी दाताचं बघ,’’ तू म्हणायचीस, आणि सूप माझ्याकडे सरकवायचीस.

कॉलेजात होते तेव्हाच्या निवड चाचणीच्या सकाळी मी न्हाऊन आले तर स्वयंपाकघरात खणखण आवाज येतोय. कॉलेजच्या सरांनी चाचणीसाठी दिलेला अख्खा डबा तू पिठाच्या चाळणीत ओतला आहेस आणि दोन्ही हातांनी जोरजोरात हलवते आहेस. मला बघून तुझा चेहरा फुलला. ‘‘जल्दी करून टाकलं तुझं काम. बारीक असतील ते खाली पडतील, बराबर?’’ खाली काहीच पडलं नव्हतं, फक्त करडी भुकटी. मी एक छर्रा उचलला. मागचा घेर चेपला होता. दुसऱ्याचाही. ‘‘आई, शिसं मऊ असतं गं,’’ मी म्हणाले. घेर चेपला की छर्रा भरकटतो, आणि आम्हाला दहा मीटरवरून खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका गाठायचा असतो. दुसरा डबा नव्हता. जालन्याची बस निघायला थोडाच वेळ होता.

तू रडली नाहीस, चुकलं असंही म्हणाली नाहीस. पदराला हात पुसलेस, माझ्यासमोर मांडी घालून बसलीस. ‘‘चांगला कसा वळखायचा, सांग.’’ मी रागातच दाखवलं. मग आपण दोघी काचेवर वाकलो. तव्यावरची भाकरी करपली तरी तू उठली नाहीस. मी घाईत एक डबीत टाकला तर तू तो परत काढलास. ‘‘ह्याचा घेर बघ की. डोळे हायत का बटनं?’’ मला हसू आलं आणि राग गेला, तो कधी गेला ते कळलंच नाही. चाचणीपुरते चांगले छर्रे निघाले. चाचणीआधीचे सरावाचे नेम मी चेपलेल्या छर्‍यांनीच मारले.

माझी निवड झाली नाही, थोडक्यात राहिले. संध्याकाळी तू दारातच उभी होतीस. ‘‘चाळणीनं घात केला का गं?’’

‘‘न्हाई. चांगलेच छर्रे होते. शेवटाला माझाच हात हलला.’’

तू माझा हात हातात घेतलास. मग म्हणालीस, ‘‘हात हाय तर हलनारच. दगडाचा थोडाच हाय? पुढच्या बारीला जा.’’

पुढची बारी यायला इतकी वर्षं लागली. नोकरी, संसार, आणि तू गेलीस ते साल, ज्या साली माझी लेक जन्मली. आता तीच मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जाते. तिच्या मैत्रिणींच्या शेजारी मी उभी राहते, रायफल खांद्याला लावते, आणि श्वास सोडताना पूर्वीसारखं आतलं सगळं शांत होतं. हे शरीराला अजून आठवतं याचं मला किती नवल वाटलं, कुणाला सांगू?

मघाशी लेक डब्या बघून म्हणाली, ‘‘मम्मी, इतकं निवडतेस, मेडल आणायचंय का काय?’’

‘‘छे गं, सहज चाललेय. वेळ जातो,’’ मी म्हणाले. घरात सगळ्यांना मी हेच सांगितलं आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. आई, मला जिंकायचं आहे.