ढग समजून गाळलेलं पाणी

बाबा,

ऑफिसची कॅब वाकडच्या पुलाखाली अडकलीय आणि मी मोबाईलवर तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आत्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे. आधी ओठ बधिर झाले, मग हात, आणि पहाटेपासून श्वासासाठी नळी लावलीय. तुमची थोरली बहीण, जी या वयातही गुडघाभर चिखलात उभी राहून खाडीतल्या शिंपल्या काढते. मगाशी तिच्या सुनेचा फोन आला. डॉक्टर सारखं विचारतायत, काय खाल्लं, काय खाल्लं. वहिनी म्हणाली, "शिंपल्यांचा कालवण खाल्लान, पन त्याचा काय नाय असा मी डाक्टरांना सांगितलाय. पानी बरा हाय, तू वरनं बगून सांगितलंस ना? वाडीतल्या बायका आजपन गेल्यात." मी "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. हं! एवढंच सुचलं मला, बाबा. एवढं शिकून एवढंच.

माझं काम तुम्हाला कधी सांगायला मिळालं नाही. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात उपग्रहाने काढलेले किनाऱ्याचे फोटो येतात. पाण्याच्या रंगावरून आम्ही नकाशा बनवतो. निळं म्हणजे नेहमीसारखं, लाल म्हणजे काहीतरी बिघडलंय. त्याआधी फोटोतले ढग काढून टाकावे लागतात. स्वच्छ समुद्र वरून काळपट दिसतो आणि ढग उजळ, म्हणून मी एक नियम लिहिला, की अमुक एका मर्यादेपेक्षा जे उजळ ते ढग. ते टाकून द्यायचं आणि पडलेलं भोक आजूबाजूच्या पाण्याच्या रंगाने भरायचं. नकाशा इतका गुळगुळीत दिसायला लागला की टीममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आपली खाडी गाळाची. गढूळ पाणीही वरून उजळच दिसतं, आणि त्यावर शिंपल्यांत विष उतरवणाऱ्या तांबूस शेवाळाचा थर चढला तर आणखीच. म्हणजे पाणी जिथे सगळ्यात वाईट, तिथेच माझा नियम म्हणणार, ढग आहे, टाका. खाडीच्या काठावर सुट्ट्या घालवलेल्या पोरीला हे सुचू नये! अक्कल कुठे गहाण टाकली होती मी?

गेल्या आठवड्यात आत्यानेच फोन केला होता. "गो बाय, पानी तांबूस दिसताय. तू वरनं बगतंस ना? काढू का शिंपल्या?" मी डबा खात होते. एका हाताने नकाशा उघडला, खाडीचं तोंड निळंशार. म्हटलं, बिनधास्त काढ गं आत्या. ती खूश झाली, शेजारणीला ओरडून म्हणाली, "आयकलंस? आमची पोर आभाळातनं राखण करते." तिने डोळ्यांनी तांबूस पाणी बघितलं होतं, बाबा, समोर उभं राहून. आणि माझ्या शब्दावर तिने स्वतःचे डोळे खोटे ठरवले.

वहिनीचा फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेतला, तो नियम काढला आणि त्याच दिवसाचा फोटो पुन्हा चालवला. खाडीचं तोंड लालभडक, आत वाडीच्या धक्क्यापर्यंत. टीम लीडला कळवलं, तर तो म्हणतो, "अगं, रिपोर्ट डिलिव्हर झालाय ना! आत्ता कुणाला काही बोलू नकोस. ऑफिसला ये, मग बघू." आणि खरं सांगू, मला क्षणभर बरंच वाटलं. कुणीतरी गप्प बस म्हणालं, म्हणून.

तुमच्या त्या बाटल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत. थेरगावची आपली खोली, मी नऊ वर्षांची. तुम्ही चाकणच्या कंपनीत सांडपाण्याच्या टाकीवर. कंपनीमागच्या ओढ्यात न गाळलेलं पाणी सोडतात, हे दाखवायला तुम्ही सरबताच्या दोन काचेच्या बाटल्या भरून आणल्यात, पेपरात गुंडाळून ओट्याखाली ठेवल्यात. आई कामावर गेलीय. मी ओटा घासतेय, तुम्ही शाबासकी द्याल म्हणून. बाटल्यांत घाण पाणी दिसतं. ओतते, घासून लख्ख करते. एवढ्यात तुम्ही दारात. उपडी घातलेली बाटली बघून तुमचा चेहरा असा उतरतो की मला रडू फुटतं. "गढूळ होतं म्हणून ओतलंस? अगं बाई, गढूळ होतं म्हणूनच ठेवलं होतं ना!" मग तुम्ही विचारता, "आणि दुसरी?" मी म्हणते, दुसरीला हात नाही लावला. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवता, "जाऊ दे, एक पुरे," म्हणता, पेपरात गुंडाळलेली ती बाटली पिशवीत घालता आणि शिफ्टची बस पकडायला पळता.

मोठ्या साहेबांसमोर तुम्ही पेपर सोडलात आणि आत स्वच्छ पाणी. साहेब म्हणाले, "काय राव, पिऊन दाखवू का?" सगळे हसले. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. बाटली कुणीतरी बदलली म्हणालात, आणि ओढ्यावर तुमच्यासोबत आलेल्या तुमच्या दोस्तावर संशय घेतलात. दर रविवारी आपल्याकडे चहाला येणारे काका. पुन्हा कधी त्यांच्याशी बोलला नाहीत. तुमच्या शेवटच्या दिवशी ते दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आले होते. तुम्ही मान वळवलीत, आणि मी पायथ्याशी बसून तुमचे पाय चेपत होते.

दुसरी पण मीच ओतली होती, बाबा. तुम्ही यायच्या आधीच, तुम्हाला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून नळाचं भरून, त्याच पेपरात गुंडाळून ठेवली होती. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही रागावला असतात, फार तर एक धपाटा घातला असतात. काका तरी राहिले असते.

कॅब हललीय. भूमकर चौक आला. पुलाखालून इथपर्यंत वीस मिनिटं झाली, आणि तेवढा वेळ मी तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. तिकडे डॉक्टर अजून विचारतायत, काय खाल्लं, आणि बायका चिखलात उतरल्यात. हे पत्र कुठे पाठवायचं नव्हतंच. वहिनीला फोन लावायची हिंमत होत नव्हती, एवढंच. लावते.