आरशांचा तंबू आणि तरोट्याची भाजी

बाबा,

गेल्या रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, तुमच्या नातीने माझ्या नावावर एक धडधडीत खोटं छापलं. मी तेव्हा पलंगावर पडले होते. वेळ मला ठाऊक आहे कारण अशा गोष्टींची वेळ हल्ली आपोआप नोंदली जाते.

आधी तुम्हाला ब्लॉग म्हणजे काय ते सांगायला हवं. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी आपल्याकडच्या रानभाज्यांवर लिहायला लागले. हे लिखाण मोबाईलवर असतं आणि जगातल्या कुणालाही वाचता येतं. येतं म्हणजे वाचतात असं नाही. माझे वाचक मोजके, आणि त्यातले निम्मे माझ्याच ऑफिसातले, जे न वाचताच अंगठा दाखवून पुढे जातात. दादाची मुलगी पुण्याला ऑनलाइन जाहिरातींच्या कंपनीत आहे. सुट्टीत चंद्रपूरला माझ्याकडे आली, माझा ब्लॉग बघितला आणि म्हणाली, "आत्या, 'तरोटा: ओळख व पाककृती' हे हेडिंग आहे की तहसीलची नोटीस?" मी म्हटलं, तुला एवढं कळतं तर तूच सजव. पासवर्ड दिला आणि आडवी झाले.

उठून बघते तर वर ठळक अक्षरांत: 'साखरेच्या गोळ्या फेकून द्या! डॉक्टर तुमच्यापासून लपवतात ती जंगलातली भाजी!' मी आख्ख्या लेखात साखरेचं नावही काढलं नव्हतं. कोवळी पानं फुलं यायच्या आत खुडावीत, लसूण सढळ हाताने घालावा, हरभऱ्याची डाळ आधी भिजवावी, एवढंच लिहिलं होतं. पण लोक लोटले होते. पोरगी खुशीत होती. "बघ, आले की नाही लोक?" आले होते खरे. त्यात गोंडपिपरीकडची एक सून होती, तिने खाली विचारलं होतं, "ताई, सासूबाईंची गोळी आजपासून बंद केली. भाजी किती दिवस द्यायची?"

मी लगेच लिहिलं, गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा, हे शीर्षक खोटं आहे. उत्तर नाही. त्या बाईचं नाव नाही, नंबर नाही, नुसतं 'गोंडपिपरी' आणि फुलाचं चित्र. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा काही नाही. तुमच्या नातीला मी जे बोलले ते कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं. ती आधी म्हणाली, "आत्या, सगळेच असं करतात." मग खालची ती ओळ तिने स्वतः वाचली आणि तिची सगळी पुणेरी भाषा गळून पडली. "आता काय करायचं व आत्या? ते म्हातारी आजारी पडली तं?"

त्या वेळी मला तुम्ही हवे होतात, बाबा. कारण लोकांना दारापर्यंत कसं आणायचं आणि आणल्यावर त्यांचं काय करायचं, हे मी कॉन्व्हेंटात शिकले नाही, तुमच्या तंबूच्या दारात शिकले. दिवाळीची सुट्टी लागली की मी वसतिगृहातून ब्रह्मपुरीला घरी यायची आणि त्याच दिवसांत गावोगावच्या मंडया, आपल्याकडच्या जत्रा, सुरू व्हायच्या. आज या गावची, उद्या त्या गावची, एकीची तारीख दुसरीवर येऊ द्यायची नाही, म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांना सगळीकडे जाता येतं. घरोघरी पाहुणे, रात्रीच्या नाटकाची तयारी, आणि दुपारी मैदानात पाळणा, जिलबी, बांगड्या आणि तुमचा वाकड्या आरशांचा तंबू. तुम्ही लोखंडी पेटीवर उभे राहता. पांढरा सदरा, गळ्यात रुमाल. "या भाऊ, या बाई! आत वाघ नाई, भूत नाई, राजा नाई! आत फक्त तुमीच आहा! पाहाची हिंमत हाय का?" लोक थबकतात. वाघ तर त्यांच्या शेतातच येतो, त्याचं काय कौतुक. पण स्वतःला बघायला हिंमत लागते म्हणजे काय, हे विचारायला ते जवळ येतात. आणि आत खरंच तेच असतात. लांबुडके, बुटके, पोट फुगलेले, मान हरवलेले.

तंबूचं बाहेर पडायचं दार तुम्ही मागे ठेवत नव्हतात. पुढेच, आत जायच्या दाराला लागून. आतून पोट धरून हसत निघालेली बाई रांगेतल्या बायांच्या अंगावरच यायची. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला तुम्ही पहिल्यांदा हात धरून फुकट आत न्यायचात. ती पदर तोंडाला लावून बाहेर आली की तुम्हाला घसा ताणावा लागत नसे. हेच आता तुमची नात मला इंग्रजीत सांगते, वाचकांचे अभिप्राय वर लाव म्हणून. ही अक्कल तिला पगार देऊन शिकवली गेली आहे.

आपल्या शेजारी एका वर्षी एकाने माणसाच्या तोंडाचा वाघ आणला होता. आत रंगवलेलं कुत्रं. दुपारभर त्याच्याकडे झुंबड आणि आपल्याकडे शुकशुकाट. आईने डबा उघडता उघडता टोमणा मारला, "तुमी बी आणा एखादा वाघ. आरशात कोण पाहून राह्यलं?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "आज याच्याकडं आले ते उद्या पुढच्या गावी पाव्हणे म्हणून जातीन. तिथीही यालेच तंबू लावाचा हाय." दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात त्याची कनात उभी राहायच्या आत पाहुण्यांनी "आला का व कुत्र्यावाला?" म्हणून आरोळी ठोकली. त्याने सामान बैलगाडीतून उतरवलंच नाही.

म्हणून मला वाटायचं, मी तुमच्या बाजूची आणि तुमची नात त्या कुत्रेवाल्याची. पण रविवारी मला तुमचं दुसरं बोलणंही आठवलं. तुम्ही जेवत होतात आणि मला पेटीवर उभं केलं होतं. मी ताठ उभी राहून, हात मागे बांधून म्हणाले, "कृपया सर्वांनी रांगेत यावे. आत विविध प्रकारचे आरसे आहेत." रांग होती तीही पांगली. तुम्ही तोंडात घास घेऊनच ओरडलात, "बाई, तू लोकायले मंडईत बोलावून राह्यली का शाळेत?" मैदान हसलं. मी रडले. 'तरोटा: ओळख व पाककृती' लिहिणारी बाई तीच होती, बाबा. पोरीचं खोटं वाईट होतं, पण माझं खरं ऐकायला कुणी थांबत नव्हतं, ही गोष्ट तिने बरोबर हेरली होती.

मग मी चष्मा लावला आणि नवं शीर्षक लिहिलं: 'या भाजीने काहीही बरं होत नाही. तरीही आम्ही पावसाळाभर हीच खातो.' खाली पहिल्याच ओळीत लिहिलं की आधीचं शीर्षक खोटं होतं, कुणी गोळी बंद केली असेल तर आज सुरू करावी. तुमच्या नातीने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आत्या, हे चाललं ना, तर मी नोकरी सोडते." तिने ते तिला येत होतं तिथे सगळीकडे पाठवलं, बहुतेक ती फुलाच्या चित्राची बाई सापडावी म्हणूनच.

सकाळी उत्तर होतं. "ताई, गोळी दिली. सासूबाई बऱ्या आहेत. म्हणतात, भाजीत लसूण अजून हवा होता." आम्ही दोघी त्या ओळीवर इतक्या हसलो की शेजारीण विचारायला आली. तेव्हापासून माझ्याकडे वाचकांचा राबता आहे. कुणी रानातल्या सात्या, म्हणजे अळिंब्या, कधी निघतात विचारतं, कुणी वास्त्याच्या, बांबूच्या कोंबांच्या, लोणच्याचं. गोंडपिपरीची सासू आता सुनेकरवी माझ्या चुका काढते. माझे दिवस छान चालले आहेत.

फक्त एक अडलं आहे. पुण्याला परत जाताना नातीने विचारलं, "आजोबा पेटीवरून कधीच खोटं बोलले नाई का?" मी म्हटलं, "कधीच नाही." आणि त्याच भरात तुमच्यावर एक लेख लिहिला. शीर्षक: 'माझे बाबा तंबूच्या दारात कधीही खोटं बोलले नाहीत.' शीर्षक झकास आहे, लोक थांबतील. पण छापायला बोट उचलत नाही. मी तर सुट्टीपुरती यायची. सुट्टी संपली की मी वसतिगृहात, आणि मंडया पुढे चालूच असायच्या. तंबू रिकामा राहिलेल्या एखाद्या दुपारी तुम्ही काय ओरडलात, हे मला माहीत नाही. मी माहीत असल्यासारखं लिहिलं आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. तरी खुलासा हवा. लेखी, सहीनिशी, येत्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहाच्या आत. तोंडी चालणार नाही. उत्तर आलं नाही तर मी शीर्षकात 'मी असताना' हे दोन शब्द घालीन, आणि लेख तसाच छापीन.