बंपरला हळद-तूप

बाबा, तुमच्या गाडीचे बंपर पांढरे पडले. दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या टोप्या, चाकांवरच्या कमानी, जिथं जिथं काळं प्लास्टिक होतं तिथं राखेचा हात फिरवल्यासारखं झालंय. रुआबांध्याचं ऊन आणि पोलादाच्या प्लांटची लाल धूळ, दोघांनी मिळून खाल्लं त्याला. मला त्याचं काही वाटलं नसतं, माझे तरी केस कुठे काळे राहिलेत? पण आई त्या गाडीत बसेना. तिच्या पायाला जखम झालीये, साखरेमुळे भरत नाही. दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला न्यावं लागतं, आणि खाडे झाले तर पाय वाचणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. ऑटोत तिला चढता येत नाही. गाडीपाशी आणली की काठी आपटते. "हे आपली नोहे माय. आपलीचे बंपर कुळकुळीत काळे हायेत. कोनाच्या गाडीत बसवून राहिली तू मले?" तिला अलीकडचं काही आठवत नाही, बाबा. तुम्ही गेल्याचंही नाही.

आधी मी खोबरेल चोळलं. सकाळी काळंभोर दिसलं, संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ चिकटून गेरूचा लेप. मग बुटाचं पॉलिश लावलं, ते आईच्या पदराला लागलं आणि मी अर्धा दिवस बोलणी खाल्ली. शेवटी खुर्सीपारला गाड्यांचे पोचे काढणाऱ्या डेंटरकडे गेले. तो म्हणाला, "अम्मा, ऊपर से कितना भी चुपडो, टिकेगा नहीं. गरम हवा मारो, अंदर का तेल ऊपर आयेगा." गरम हवेची मशीन त्यानं हातात दिली आणि वर म्हणाला, "पर एक-दो बार ही. फिर अंदर कुछ बचेगा नहीं."

साबणानं धुऊन, वाळवून, वीतभर अंतरावरून मशीन फिरवत राहायची. एका जागी थांबलं की प्लास्टिक वितळतं. इस्त्रीसारखंच म्हणा ना, आणि इस्त्री मी जन्मभर केली. पांढरं मागे सरत जातं, खालून काळं वर येतं, डोळ्यांसमोर. पुढच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याशी आले आणि हात थांबला. तुम्ही तिथूनच सुरुवात करायचात. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, तसे तुम्ही गाडीचे शेकायचात. बैल गावीच राहिले, म्हणून या बंपरला पळसाच्या पानानं कोमट तूप लावायचं, हळद लावायची, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण हळूच तिच्या कानात, म्हणजे आरशापाशी, सांगायचं. एका पोळ्याला मी नुकतीच सासर सोडून आले होते. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. फाटकाशी गिऱ्हाइकं उभी, तुम्ही वाटी घेऊन वाकलेले, आणि त्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. मी सगळ्यांदेखत ओरडते, "बाबा, बैल आहे का हा? लोक हसून राहिले आपल्याले!" तुम्ही पान वाटीत ठेवता. हात धोतराला पुसता. आत निघून जाता. त्यानंतर दोन पोळे तुम्ही होतात, दोन्ही वेळा वाटी ओट्यावर कोरडीच राहिली.

एवढं आठवेपर्यंत कोपऱ्याला अंगठ्याएवढा फोड आला होता. बाकी गाडी मात्र नव्यासारखी काळी झाली.

आईला बाहेर आणलं. तिनं बंपरवरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकले. "आपलीच हाय!" मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "ते कुठी गेले?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ड्यूटीवर." "मंग येऊ दे त्यांले. मी थांबते." खुर्ची मागवली आणि फाटकाशी बसली. दुसऱ्या दिवशीही तिथंच, मग आठवडाभर तिथंच, जेवणसुद्धा तिथंच. दोन ड्रेसिंग चुकली. पट्टीतून वास यायला लागला. बंपर पांढरे होते तेव्हा ती निदान कुणाची वाट तरी पाहत नव्हती, बाबा. हे मी माझ्या हातानं करून ठेवलं.

काल दुपारी मी तुमचा खाकी स्वेटर काढला. टोपी घातली. गाडी मी तुम्ही गेल्यावर, ग्राउंडवर एकटीच शिकले, ते तुम्हाला माहीत नाही. स्टिअरिंगवर बसले आणि तुम्ही वाजवायचात तसा दोनदा हॉर्न दिला. ती आली. नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली, तिला फक्त पाठ दिसते, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. चौक ओलांडल्यावर बोलायला लागली.

"आवो, पोरीवर रागावू नका. घर मोडून आली, तिले लोकाईची लाज वाटते. तुमी गाडीले हात लावनं सोडलं तवापासून शिवनाच्या मशीनवर बसून रडून राहिली. तुमाले सांगन का ते?"

मी तुमच्यासारखं नुसतं "हूं" म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "रागावले नाही ना?"

ड्रेसिंग झालं. डॉक्टरांनी मान हलवली, आता उशीर झाला असावा म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगतो. आज सकाळी पाहिलं तर चाकाच्या कमानीवर पुन्हा राख दिसतेय. मशीन आणखी एकदा चालेल, फार तर. परवा काय करायचं, ते मला सुचत नाही. हा कागद गाडीच्या पुस्तकासोबत समोरच्या कप्प्यात ठेवून देते, तिथं तुमच्या तंबाखूची डबी अजून आहे.

एक सांगायचं राहिलं. तिनं विचारलं तेव्हा मी आवाज जाड करून म्हटलं, "नाही रागावलो." तुम्ही रागावला होतात की नव्हतात, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही माहीत नाही. तुम्हाला न विचारता मी तुमच्या तोंडानं मला माफ करून टाकलं.